दुपारी ऊन, पहाटे गारवा : साताऱ्यातील आमचे पहिले बाळंतपण

आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. माझे माहेर कराडजवळच्या एका खेड्यात असून तेथे मोठे घर, अंगण आणि मदतीला चार बायका असतानाही आम्ही बाळंतपण साताऱ्यातच करण्याचे ठरवले, कारण सुरुवातीपासूनच्या सर्व तपासण्या येथे झाल्या होत्या आणि पतींची नोकरी येथील औद्योगिक वसाहतीत असल्याने बाळाच्या पहिल्या महिन्यांत त्यांना पाहुण्यासारखे रविवारी येऊन जावे लागेल, हे आम्हा दोघांनाही मान्य नव्हते. शेवटी आईच खारीक, डिंक, अळीव, घरची बाजरी आणि मऊ झालेल्या जुन्या सुती साड्यांचे गाठोडे घेऊन भाद्रपदाच्या अखेरीस साताऱ्याला आली. सासूबाई कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावाहून शेतीच्या कामांतून सवड मिळेल तशा येत-जात राहिल्या.

लेक सर्वपित्री अमावस्येच्या रात्री झाली. सोयर असल्यामुळे त्या वर्षी आमच्या घरी घट बसले नाहीत. दवाखान्यात भेटायला आलेल्या एका वडीलधाऱ्या नातलगांनी अमावस्येचा जन्म म्हणून शांत करून घेण्याचा विषय काढला, तेव्हा सासूबाईंनी "लक्ष्मी तर आवसंलाच येती की, तिची कुठं शांत करता?" एवढे म्हणून तो विषय कायमचा मिटवला. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी वाटण्याची पद्धत आमच्या भागात अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. पतींनी मात्र राजवाड्याजवळून कंदी पेढेच आणले. साताऱ्यात राहून आनंदाच्या प्रसंगी दुसरे काही वाटणे मलाही पटले नसते.

बाळाला घेऊन घरी आलो आणि त्याच दिवशी एक अडचण लक्षात आली. बाळंतपणाच्या आमच्याकडील सगळ्या रीतींचा रोख ऊब राखण्यावर आहे. खोलीच्या खिडक्या लावायच्या, वारा लागू द्यायचा नाही, बाळंतिणीने कानाला फडके बांधायचे, बाळाला कुंची किंवा कानटोपरे घालून दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, खाटेखाली शेगडी ठेवायची आणि न्हाऊ घातल्यानंतर धुरी द्यायची. ही सगळी शिकवण पावसाळ्याच्या ओल्या घरांत आणि पौष-माघातील थंडीत जिवाला जपणारी आहे, यात मला शंका नाही. परंतु आश्विनात साताऱ्याची हवा एका दिवसात दोन ऋतू दाखवते. दुपारी ऑक्टोबरचे ऊन पत्र्यावर आणि गच्चीवर तापत राहते, मधूनच ढग भरून येऊन परतीचा पाऊस कोसळतो, ऊन यवतेश्वराच्या डोंगराआड गेले की हवा भराभर निवते, आणि पहाटे अंगावर गोधडी ओढून घ्यावीशी वाटते. अशा हवेत चोवीस तास एकच नियम चालणार नव्हता. कोणती रीत कोणत्या वेळी पाळायची, याचा निर्णय आम्हाला रोज घ्यावा लागला आणि पहिल्या सव्वा महिन्यातील आमचे बहुतेक घरगुती वाद याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिले.

बालरोगतज्ज्ञांनी या बाबतीत सांगितलेली पद्धत सोपी होती. मोठ्या माणसाला त्या वेळी जितके कपडे सुखाचे वाटतात, त्यापेक्षा बाळाला एक थर अधिक घालावा. बाळाला ऊब पुरते की नाही, हे हाताच्या पंजाला हात लावून ठरवू नये, कारण नवजात बाळाचे पंजे थोडे गार असणे स्वाभाविक आहे. छाती, पोट किंवा मानेची मागची बाजू चाचपून पाहावी. मान घामेजली असेल तर एक कपडा कमी करावा आणि पोटासकट पाय गार लागत असतील तर बाळाला उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरूण घ्यावे. खोलीचे तापमान साधारण २५ ते २८ अंशांच्या दरम्यान असले म्हणजे पुरे. पंखा मंद लावण्यास हरकत नाही, फक्त त्याचा झोत थेट बाळावर येऊ नये. पतींनी भिंतीवर एक साधा तापमापक आणून लावला. आईने आधी त्याची थट्टा केली, परंतु दुपारी पंखा लावायचा की नाही, यावर जावयाशी वाद घालण्यापेक्षा त्या यंत्राकडे बोट दाखवणे तिलाही सोयीचे पडू लागले.

खरा निकाल लागला तो घामोळ्यांमुळे. दसऱ्याच्या सुमारास बाळाच्या मानेच्या घड्या आणि पाठ बारीक लाल पुटकुळ्यांनी भरली. डॉक्टरांनी पाहून औषध दिले नाही. कपडे कमी करा, पावडर लावू नका आणि दूध वारंवार पाजा, एवढेच सांगितले. अतिशय लहान बाळाला फार गुंडाळले आणि त्यातच दूध कमी गेले, तर अंगातील पाणी कमी होऊन तापही येऊ शकतो, हेही त्यांनी समजावून दिले. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी जुन्या वळणाच्या असल्याने त्या आईची बाजू घेतील, असा माझा अंदाज होता. त्यांनी घरात पाऊल टाकताच कानटोपऱ्याकडे पाहून "आवं, लेकरू उकडून निघालंय, काढा की ती टोपी! ही काय पुसातली थंडी हाय व्हय?" असे सुनावले. सातारच्या पेठांमधील कितीतरी बाळे त्यांच्या पायांवर वाढलेली. त्यांचा शब्द डॉक्टरांपेक्षाही वरचा ठरला. त्यानंतर सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत सुती झबले आणि लंगोट, संध्याकाळी त्यावर दुपटे, आणि रात्री उशिरापासून उन्हे वर येईपर्यंत पायमोजे व टोपडे, अशी वाटणी घरात रूढ झाली.

मावशींची न्हाऊ-माखू घालण्याची पद्धत पाहण्यासारखी होती. नाळ पडेपर्यंत त्यांनी बाळाला पाण्यात घेतले नाही, कोमट पाण्याच्या फडक्याने अंग पुसून घेतले. नाळेला तेल, हळद किंवा अन्य काही न लावता ती कोरडी ठेवावी, ही दवाखान्यातील सूचनाही त्यांनी कुरकुर न करता पाळली. नाळ पडल्यानंतर मात्र त्या पाटावर पाय लांब करून बसत, बाळाला पायांवर पालथे घेत आणि खोबरेल तेलाने पाठीपासून तळव्यापर्यंत असे चोळत की बाळ रडायचे विसरून जाई. टाळूवर तेल हलक्या हाताने भरले जाई. नाकात आणि कानात तेलाचे थेंब सोडायचे नाहीत, एवढे आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. डाळीच्या पिठाने लव चोळून काढण्याचा आग्रह त्यांनी एकदा धरून पाहिला. नाजूक कातडी सोलवटते म्हणून डॉक्टरांनी तो प्रकार वर्ज्य सांगितला होता आणि लव काही महिन्यांत आपोआप झडते, हे त्यांनाही ठाऊक होते. काजळही आम्ही डोळ्यांत घातले नाही. दृष्ट लागू नये म्हणून तळपायाला तीट लावण्यावर दोन्ही आज्ज्यांची तडजोड झाली.

शेगडी आणि धुरी यांबाबत मात्र मी तडजोड केली नाही. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. धुरीत ओवा आणि वावडिंग असले तरी धूर तो धूरच, आणि काही दिवसांच्या फुप्फुसांना तो नको. आईला हे पटायला वेळ लागला. तिच्या मते शेक-शेगडीशिवायचे बाळंतपण म्हणजे अर्धेच बाळंतपण, आणि तिच्या काळजीचा विषय बाळापेक्षा माझी कंबर हा अधिक होता. म्हणून मला शेक घेण्यासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी आणली, टाक्यांसाठी कोमट पाण्यात बसण्याचा डॉक्टरांनी सांगितलेला शेक सुरू केला आणि मावशींकडून मीही तिळाच्या तेलाने अंग रगडून घेऊ लागले. त्यावर आईचे समाधान झाले.

खाण्यापिण्याबाबत आईचा शब्द अंतिम होता आणि तो मी आनंदाने मान्य केला. बाजरीची भाकरी, शेपूची किंवा मेथीची भाजी, लसणाची फोडणी दिलेले मुगाचे वरण, साजूक तूप, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि जेवणानंतर ओवा व बाळंतशोपा भाजून केलेली सुपारी, असा बेत असे. कोरेगाव भागात आल्याची शेती बरीच असल्याने सासूबाईंनी घरच्या आल्याची सुंठ आणली होती; ती तूप-गुळात घोळवून सकाळी अनशेपोटी दिली जाई. अळिवात लोह भरपूर असते, हे खरे. तरीही लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्याच असतात आणि लाडू खाल्ले म्हणून त्या चुकवायच्या नसतात. वाद झाला तो पाण्यावरून. बाळंतिणीने पाणी बेताने प्यावे, नाहीतर पोट सुटते, अशी आईच्या पिढीची समजूत आहे. ऑक्टोबरच्या दुपारी बाळाला पाजायला घेतले की घशाला कोरड पडे, आणि तहान लागेल तितके पाणी पिण्यास डॉक्टरांनी स्पष्टपणे सांगितले होते. शेवटी प्रत्येक पाजण्याच्या वेळी उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवण्याचे काम पतींनी स्वतःकडे घेतले.

दूध पाजण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण दिवसाचा आणि रात्रीचा सगळा आकार त्यावरच ठरतो. पहिल्या दिवसांत चीक येतो तो चमच्या-दीड चमच्याइतकाच. तेवढाच बाळाला पुरतो, कारण त्याचे पोटही तेवढेच असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते, तोपर्यंत बाळाचे वजन जन्माच्या वजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघते. आमची लेक जन्मतः २ किलो ९०० ग्रॅम होती आणि घरी येताना तिचे वजन त्याहून उतरले होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईने तिच्याकडे पाहून "दूध पुरत नाही वाटतं" असे म्हटले. ते वाक्य त्या आठवड्यांत मला सर्वांत अधिक बोचले. मी विनाकारण रडू लागे आणि आई ते वाताचे लक्षण समजून सुंठ वाढवी. पहिल्या दोनेक आठवड्यांत असे रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते त्यापुढेही टिकले तर डॉक्टरांना दाखवावे, हे मला प्रसूतीपूर्वीच सांगितलेले असल्याने मी स्वतःवर लक्ष ठेवून होते. माझे रडू कोजागिरीच्या आसपास ओसरले.

दूध पुरते की नाही, याचे माप लोकांच्या बोलण्यात नसून ओल्या लंगोटांत आहे. पहिल्या आठवड्यानंतर बाळाने चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी केली आणि वजन रोज वीस-तीस ग्रॅमने वाढत राहिले, तर दूध पुरते आहे असे समजावे. या हिशेबासाठी आईच्या साड्यांचे लंगोट विकतच्या डायपरपेक्षा फार उपयोगी पडले, कारण प्रत्येक ओला लंगोट हातात येतो आणि मोजला जातो. डायपर आम्ही केवळ रात्री वापरला. लंगोटांचा दुसरा फायदा ऋतूने करून दिला. आश्विनाच्या उन्हात ते दुपारपर्यंत कडकडीत वाळत. आमच्या पेठेत नळाला पाणी सकाळी ठरावीक वेळीच येत असल्याने पती कामावर जाण्यापूर्वी ते धुऊन गच्चीवर टाकत, आणि दुपारी यवतेश्वराच्या बाजूने आभाळ काळवंडले की आई हातातील काम टाकून गच्चीकडे धावे. परतीच्या पावसाने दोनदा दोरीवरचा सगळा ढीग भिजवल्यावर घरात माजघरात आडवी दोरी बांधण्यात आली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लंगोटांखालून वाकून जावे लागू लागले.

बाळ रात्री दर दोन-अडीच तासांनी उठे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पितृत्वाची १५ दिवसांची रजा असते. खासगी नोकरीत अशी रजा देण्याची सक्ती कायद्यात नाही. मला सहकारी पतसंस्थेतील नोकरीमुळे २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळाली, आणि पतींना साठवलेल्या रजेतून जमेल तेवढे दिवस काढावे लागले. रजा संपल्यावर आम्ही रात्र वाटून घेतली. पाजण्याचे काम माझे. त्यानंतर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा निजवणे हे मध्यरात्रीपर्यंत त्यांचे, आणि पहाटे आईचे. पहाटे चारच्या सुमारास हवा गार झाली की आई पदराखाली बाळाला घेऊन ओव्या गुणगुणत बसे, आणि मला सलग झोप मिळे ती तेवढीच.

बाळाचे डोळे आणि अंग थोडे पिवळे दिसू लागले, तेव्हा कोवळे ऊन दाखवा, असा सल्ला सगळीकडून आला. रक्ततपासणीत कावीळ नेहमीच्या मर्यादेत निघाली. सकाळचे ऊन हा काविळीवरचा उपचार नसून तिचे प्रमाण वाढले तर दवाखान्यातील निळ्या प्रकाशाखालीच ठेवावे लागते आणि एरवी वारंवार पाजणे हाच उपाय आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० एकक, तेही चालू झाले.

बारसे दसऱ्यानंतर लगेच झाले आणि ते घरातल्या घरात, मोजक्या बायकांत उरकले. जन्माची नोंद दवाखान्यानेच २१ दिवसांच्या मुदतीत नगरपालिकेकडे पाठवली होती. नाव नंतर घालायचे असेल तर ते वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळेतील प्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्माचा दाखलाच मुख्य पुरावा धरला जात असल्याने आम्ही नावाचे स्पेलिंग दोघांनी तपासूनच अर्ज दिला.

कोजागिरीची रात्र माझ्या लक्षात राहिली ती वेगळ्या कारणाने. आश्विन पौर्णिमेला ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची, म्हणजे आश्विनी करण्याची चाल आहे. मी माझ्या आईचे थोरले अपत्य, त्यामुळे दरवर्षी मला पाटावर बसवले जाई. या वर्षी आईने आधी मला ओवाळले, नंतर मी मांडीवरच्या लेकीला ओवाळले, आणि त्यानंतर सासूबाईंनी त्यांच्या थोरल्या मुलाला, म्हणजे पतींना, बोलावून पाटावर बसवले. दूध आटवताना गच्चीवर गारवा इतका होता की बाळाला टोपडे घालण्यावरून त्या रात्री कोणीही वाद घातला नाही.

दिवाळीत काळजी होती ती फटाक्यांची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी धुरामुळे रस्त्याकडच्या खिडक्या लावून बाळाला मागच्या खोलीत ठेवले. आवाजाने ती दोन्ही हात फेकून दचके. या वयाच्या बाळाचे असे दचकणे निरोगीपणाचे लक्षण असते, हे माहीत असूनही प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येई. फराळाला येणाऱ्यांसाठी पतींनी दारातच साबण, पाण्याची बादली आणि स्वच्छ पंचा ठेवला. खोकला असलेल्यांना बाळ हातात द्यायचे नाही, हे सांगण्याचे अवघड काम सासूबाईंनी केले. सून बोलली असती तर वर्षभर पुरले असते. याच दिवसांत बाळाने रोज तिन्हीसांजेला रडायला सुरुवात केली होती. पोट, ताप, लंगोट सगळे तपासूनही कारण सापडत नसे. असे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत अधिक असते आणि तीन-चार महिन्यांत थांबते, असे कळल्यावर गुटी, मध आणि ग्राइप वॉटर हे तिन्ही आम्ही नाकारले. मीठ-मोहरीने दृष्ट काढणे मात्र चालू ठेवले, फक्त ती मोहरी विस्तवावर न टाकता बाहेर टाकायची, असे ठरले.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सव्वा महिना पूर्ण झाला आणि पाठोपाठ सहाव्या आठवड्याची लस आली. जन्मानंतर दंडावर टोचलेल्या क्षयरोगावरील बीसीजी लसीच्या जागी तोपर्यंत छोटी गाठ येऊन ती पिकू लागली होती. तिला काही लावायचे नाही, हे परिचारिकेने आधीच सांगितले होते. आरोग्य केंद्रात पोलिओ आणि रोटाव्हायरसचे थेंब तोंडात घातले, पोलिओचीच एक लस उजव्या दंडावर कातडीत टोचली, न्यूमोनियावरील लस उजव्या मांडीत आणि घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब व हिब (लहान मुलांत न्यूमोनिया व मेंदूज्वर घडवणारा जंतू) या पाचांवरील एकत्रित लस डाव्या मांडीत दिली. हे सगळे विनामूल्य झाले. त्यानंतर अर्धा तास तेथेच थांबवून घेतले, ताप आल्यास पॅरासिटामॉलचे थेंब वजनानुसार किती द्यायचे ते लिहून दिले आणि टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका, असे बजावले. रात्री ताप आला. लेक तापाने किरकिरत असताना आईने सवयीने गोधडी उचलली, क्षणभर तापमापकाकडे पाहिले आणि ती पुन्हा घडी करून ठेवली.

ज्वारीची पेरणी झाली, ऊसतोड सुरू झाली आणि आईला आता कराडला परतणे भाग आहे. मावशी तीन महिने पूर्ण होईपर्यंत सकाळी येतील. रविवारची अंघोळ पती घालतात आणि त्यांनी बाळाला पायांवर तोलण्याची मावशींची बैठक बऱ्यापैकी उचलली आहे. दहाव्या आठवड्याची तारीख कार्डावर लिहून मिळाली आहे. तोवर मार्गशीर्षाची थंडी पडेल, म्हणून सासूबाई लोकरीची कुंची विणत आहेत, आणि ती दिवसा घालायची की नाही, यावर त्यांची आणि मावशींची चर्चा आतापासूनच सुरू झाली आहे.